कुमुदकाकूंनी बदललेले शेवट

कुमुदकाकूंनी वाचून दाखवलेल्या कादंबऱ्यांचे शेवट त्यांच्या ओटीबाहेर जगात कुठेही सापडत नाहीत. ही गोष्ट आगाशीतल्या त्यांच्या श्रोत्यांना फार उशिरा कळली. आणि कळण्याआधी त्यांनी सिनेमावाल्यांना दोषी धरले, कळल्यानंतर लेखकाला, आणि काकूंपर्यंत यायला त्यांना बराच वळसा पडला.

काकू आता नाहीत. त्यांची पानवाडी आहे, ओटी आहे, आणि ओटीवरच्या लाद्यांना विड्याच्या पानांचा तो हिरवा, तिखटसर, जिभेच्या कडांना आधी कळणारा वासही असेल. माझ्या शाळेतल्या मार्थाबाईंनी मला तिथे पहिल्यांदा नेले. त्या आणि काकू शेजारणी. दोघींच्या विहिरींच्या मधे एक चिक्कूचे झाड आणि आयुष्यभराचे वाद. "पुस्तकं आवडतात ना तुला? मग चल," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. तिकडे पुस्तके नसून एकच पुस्तक होते, आणि ते धरायला कोरडे हात एकीचेच होते.

शनिवारी दुपारी काकूंकडे पाने लावण्याचे काम चाले. सकाळी खुडलेली पाने ओल्या गोणपाटावर ओतलेली असत. ती निवडायची, पुसायची, देठाला देठ लावून एकावर एक रचायची, त्यांच्या कवळ्या बांधायच्या आणि केळीच्या पानांचे अस्तर दिलेल्या करंड्यांत भरायच्या. हात सतत ओले, म्हणून पुस्तकाला कोणी शिवायचे नाही. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, आणि वाचणारीच्या वाटणीची पाने इतरांनी लावायची, असा रिवाज त्या घरात काकूंच्या सासूपासून होता. सासू पोथी वाचत. काकूंनी पोथी देवघरात नेऊन ठेवली आणि कादंबरी ओटीवर आणली.

त्यांचा आवाज कातासारखा होता. तुरट, किंचित घोगरा, आणि ऐकून झाल्यावर मागे रंग ठेवणारा. नवे पुस्तक हाती आले की त्या आधी त्याचा वास घेत. डिंकाचा वास आला तर "कच्चं आहे अजून" म्हणून ते झोपाळ्याच्या कडीला, वाऱ्यावर, फडक्यात बांधून टांगत. खलनायकाचे सगळे संवाद त्या आपल्या थोरल्या दिरांच्या आवाजात वाचत, आणि दीर आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेले असत. निसर्गवर्णन आले की चष्म्यावरून पाहत. "इथे एक पानभर सूर्य बुडतोय. बुडाला. पुढे." शृंगार मात्र लोणच्याची कृती सांगावी तशा सरळ, एकाही शब्दावर न अडखळता वाचत. अशा वेळी भातशेतीच्या गावातून कामाला येणारी भिमाबाई हमखास म्हणे, "काकी, पानांचा आवाज झाला, ऐकाया नाय आलं. परत वाचा की."

"तुला मागच्या वेळीही याच पानावर ऐकू नव्हतं आलं."

"मंग काय करू. कान पन वय बघून आयकतात."

कादंबरी संपली आणि तिच्यावर सिनेमा निघालेला असला की सगळ्या मिळून तो पाहायला जात; विरारच्या मॉलमध्ये, नाहीतर काकूंच्या मुलाने भिंतीला लावलेल्या मोठ्या टीव्हीवर. त्यानंतरचा शनिवार म्हणजे न्यायालय. काकूंचे निकष कोणत्याही समीक्षेत मी वाचले नव्हते. पडद्यावरची बाई भाजी चिरताना बोटे आत वळवते का, ओले कपडे झटकताना मान मागे घेते का, हे त्या पाहत. "चहा पितात ती माणसं, पण कप रिकामा असतो. उचलण्यावरून कळतं. जी बाई रिकाम्या कपातून चहा पिते तिच्या दुःखावर मी का विश्वास ठेवू?" पुस्तक वाचताना ज्या घराला त्यांनी मनात उजवीकडे न्हाणीघर दिले होते, ते सिनेमात डावीकडे निघाले तर त्या सबंध मध्यंतरभर गप्प बसत.

हे सगळे ऐकायला मी दर शनिवारी बस पकडू लागले. मला पाने लावता येत नसत. माझ्या कवळीचे देठ कोंबडीच्या पिसांसारखे विस्कटत. म्हणून पुसण्याचे काम माझ्याकडे.

पहिली शंका मला एका रहस्यकादंबरीच्या वेळी आली. तिच्यातला डॉक्टर मार्थाबाईंना फार आवडला होता. सभ्य, विधुर, व्हायोलिन वाजवणारा. शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी काकूंनी चष्मा पुसला, एकदा मार्थाबाईंकडे पाहिले आणि खुनी म्हणून कंपाउंडरला पकडून दिले. मार्थाबाईंनी समाधानाने छातीवर क्रूस काढला. पुढे त्या कादंबरीवर मालिका आली. मार्थाबाईंनी ती घरी एकटीने पाहिली आणि आमच्या ग्रुपवर त्यांचा संतापलेला आवाज येऊन पडला: "कुमुद, ऐकतेस का, या लोकांनी डॉक्टरवर आळ घेतलाय. कंपाउंडरला सोडून दिला. मोठ्या घरचा असणार तो नट."

ती कादंबरी मी कॉलेजात वाचली होती. खून डॉक्टरनेच केला होता, तोही व्हायोलिनच्या तारेने.

त्या शनिवारी पाने पुसता पुसता मी मान वर केली तर काकू माझ्याकडेच पाहत होत्या. मी निघताना त्यांनी परसातून सोनचाफ्याची मूठभर फुले आणून माझ्या ओंजळीत ठेवली. गच्च, पिवळीधमक, तळवा दुखेल इतक्या वासाची.

"हे कशासाठी, काकू?"

"वास घ्यायला. चाफ्याचा वास घेताना माणसाला बोलता येत नाही, म्हणून देते."

त्यानंतर मी प्रत्येक कादंबरी गुपचूप आधीच वाचून जाऊ लागले. शेवटच्या प्रकरणात काकू कुठे वळतात ते पाहण्याचा तो चोरटा आनंद होता. पान उलटण्याची त्यांची लय तशीच राही, बोट ओळीवरून तसेच सरके, स्वर जराही हलत नसे. फक्त डोळे पुस्तकावरून उठून पाने लावणाऱ्या हातांवर जात. कुठली कवळी थांबली, कोण नाक ओढते आहे, हे पाहून त्या माणसे वाचवत, लग्ने मोडत, गेलेल्याला परत आणत. एकदा मी विचारलेच, लेखकाचे काय. आम्ही पानवाडीत उभ्या होतो, अनवाणी. तिथे चप्पल चालत नाही, देवळासारखेच. हिरव्या काळोखात त्या वेल उतरवत होत्या. पानवेल आधारावर चढत टोकाला पोहोचली की तिला तशीच सोडत नाहीत. खाली उतरवतात, बुंध्याशी वळसा देऊन मातीत पुरतात, आणि ती पुन्हा फुटते.

"लेखक टोकाला पोचला की थांबतो," त्या म्हणाल्या. "दमलेला असतो गं. मी फक्त उतरवून घेते."

हे असेच चालले असते. पण मग वत्सलेची कादंबरी आली, आणि ती सुनंदासमोर वाचायची होती.

सुनंदा पलीकडच्या वाडीतली. सर्वांत सुरेख कवळी तिची. देठ एका रेषेत, जणू कापून ठेवलेले. तिची मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून गेली होती. दार लावून घेताना सुनंदा स्वतः म्हणाली होती, "पुन्हा या दारात यायचं नाही." हे सर्वांना माहीत होते आणि कोणी तो विषय काढत नसे. कादंबरीतली वत्सला अशीच भांडून घर सोडते. सगळी कादंबरी तिच्या परतीची आहे. अखेर ती गावी येते, अंगणात उभी राहते, बंद दार पाहते आणि तशीच मागे वळते. आत आई जागी असते. बस्स. तिथे पुस्तक मिटते.

त्या दुपारी काकू शेवटाकडे सरकू लागल्या तसे सुनंदाचे हात मंद झाले. ओल्या पानांवरून पाणी टिपकण्याचा आवाज येऊ लागला. वत्सला अंगणात आली. काकूंचे डोळे वर उठले. आणि वत्सलेची आई, पुस्तकात जी अंथरुणावरून हललीच नव्हती, ती उठली, वाळत घातलेले कपडे राहिलेत म्हणून कडी काढून बाहेर आली, आणि लेकीला म्हणाली, "धर गं हे जरा." वत्सलेने कपडे धरले. काकूंनी पुस्तक मिटले.

सुनंदाने त्या दिवशी एकही कवळी पुरी केली नाही. पुढच्या शनिवारी तिने, कोणाकडेही न पाहता, सांगितले, "फोन केला होता. बोलली. येईन म्हणाली नाही, पण बोलली."

मग सिनेमा आला. आम्ही सगळ्या विरारला गेलो. सिनेमा प्रामाणिक होता, हेच संकट. वत्सला अंगणात आली, दार बंद राहिले, ती वळली. अंधारात भिमाबाई उभी राहिली. "आवं, कपडे राहिलेत बाहेर. म्हातारीला उठवा कोनीतरी." मागच्या रांगेतून कोणीतरी "आंटी, बैठो ना" म्हणाले. मार्थाबाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही पुस्तक वाचलंय का? नाही ना? मग बसा." सुनंदा पडद्याकडे पाहत राहिली. काकूंनी पिशवीतून आवळासुपारी काढून ती एकामागून एक तोंडात टाकली.

एवढ्यावर मिटले असते, पण मार्थाबाईंना न्याय हवा होता. त्यांचा एक भाचा वसईत व्याख्याने भरवणाऱ्या मंडळात होता आणि त्या कादंबरीचा लेखक तिथे यायचाच होता. त्याला आगाशीला आणायचे, सिनेमावाल्यांनी त्याच्या पुस्तकाचे काय केले ते त्याच्या कानावर घालायचे आणि जमल्यास त्याच्याकडून निषेध करवायचा, असे ठरले. काकूंनी आधी पाने लवकर संपतील असे सांगितले, मग पाठीत उसण भरल्याचे, मग पाहुण्यांना त्रास नको असे. कोणी ऐकले नाही.

"काकू, आता?" मी विचारले.

"आता काय. लेखक आहे तो. खोटं बोलायची सवय असेल त्याला."

लेखक आले. सौम्य, बारीक, कुडत्याची इस्त्री सांभाळणारे गृहस्थ. काकूंनी त्यांना ओटीवर बसूच दिले नाही. आधी वाडी दाखवते म्हणून चपला काढायला लावून थेट वेलींत नेले आणि मलाही खुणेने बोलावले, साक्षीला. पायांखाली थंडगार माती होती. लेखक मोठ्या कौतुकाने पानांना हात लावत होते. काकूंनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"बायका विचारतील, पुस्तकात आई दार उघडते ना. तुम्ही हो म्हणा."

"पण ती उघडत नाही."

"ते मला माहीत आहे."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "काकू, त्या बंद दारासाठी मी सगळी कादंबरी लिहिली आहे. तिला घरात घेतली असती तर लोक तिला विसरले असते."

"विसरू देत की. ती घरात तर असती."

ते अतिशय नम्रपणे म्हणाले की हे त्यांच्याने होणार नाही. मला ते आवडले, आणि काकूंनाही आवडले असावेत, कारण त्यांनी वेलीचे एक कोवळे पान खुडून त्यांना खायला दिले. पण ओटीकडे परतताना काकूंनी माझे मनगट धरून ठेवले होते. त्यांना लेखकाची भीती नव्हती. सुनंदा समोर बसलेली असणार होती.

भिमाबाईने वाट पाहिली नाही. "साहेब, त्यांनी शिनेमात तुमच्या म्हातारीला झोपवून ठेवली. तुमी काय बोलला नाय?"

लेखकांनी एकवार काकूंकडे पाहिले. "बाई, पुस्तकातही ती उठत नाही. सिनेमा बरोबर आहे."

पाने लावणारे सगळे हात थांबले. आतल्या खोलीत दिरांनी पेपर उलटला तो आवाजसुद्धा मोठा वाटला. माना एकेक करून काकूंकडे वळल्या. काकू हातातल्या चष्म्याची दोरी सरळ करत होत्या.

"मंग तुमचं चुकलं," भिमाबाई लेखकांना म्हणाली. "कपडे बाहेर असताना कोन बाई झोपंल?"

मार्थाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू काहीतरी उजाडत होते. "कुमुद," त्या म्हणाल्या, "डॉक्टर?"

"त्यानेच," काकू म्हणाल्या.

"देवा. मी त्याच्यासाठी नऊ दिवस प्रार्थनेची नोव्हेना करणार होते."

हसू फुटले असते, पण सुनंदा उठली. तिने हात पदराला पुसले आणि काकूंसमोर उभी राहिली. "त्या भरवशावर मी फोन केला होता, काकू," एवढेच म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्या जागी अर्धी रचलेली कवळी उघडी पडली होती. काकूंनी तिला हाक मारली नाही. लेखक अवघडून म्हणाले, "माझ्यामुळे..." काकू म्हणाल्या, "तुमच्यामुळे काही नाही हो. तुम्ही लाडू घ्या."

त्यानंतरचे शनिवार फार कोरडे गेले. काकूंनी वाचायला घेतले, पण जसे लिहिले आहे तसे. सूर्यसुद्धा पूर्ण बुडेपर्यंत वाचला. श्रोत्यांनी ते निमूट ऐकले आणि कोणाचाही जीव रमला नाही. एके दिवशी भिमाबाई म्हणाली, "काकी, हे खरं-खरं वाचनं बंद करा, माज्या हाताला पानं लागंनात." काकू हसल्या नाहीत. नजर राहून राहून सुनंदाच्या रिकाम्या जागेकडे जाई. सुनंदाला फोन करावा असे मी सुचवले, तर म्हणाल्या, "काय सांगू? की तुझ्याकडे बघून वाचलं? मग तिला आणखी लाज वाटेल."

सुनंदा आली ती वत्सलेची कादंबरी काखेत मारून. वाचनालयाची प्रत होती, शेवटची पाने हाताळून मऊ झालेली. तिने आयुष्यात संपूर्ण वाचलेले ते पहिले पुस्तक. येऊन बसली, गोणपाट ओढून घेतले आणि पाने निवडता निवडता, कालचे बोलणे पुढे चालवावे तशी म्हणाली, "वाचला मी शेवट. तो माणूस काही वाईट लिहीत नाही."

तिने एक पान पुसून बाजूला ठेवले.

"ती अंगणापर्यंत आली, हे तर त्याने पण लिहिलंय. ते तुम्ही घातलेलं नाही."

"नाही. ते त्याचंच."

"झालं मग. तिचं काम तिने केलं होतं. पुढचं दार माझ्याकडे आहे." तिने देठाला देठ जुळवला. "पण काकू, यापुढे शेवटचं प्रकरण ज्याने त्याने घरी वाचायचं. तुमच्यावर मी पुन्हा विश्वास ठेवणार नाही."

"ठेवू नकोस," काकू म्हणाल्या, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांच्या आवाजातला कात परत रंगला.

असा नवा रिवाज पडला. शेवटचे प्रकरण ज्याने त्याने घरी वाचायचे; मार्थाबाईंनी भिमाबाईला आपला चष्मा दिला आणि ती अक्षर अक्षर लावत, काकूंना पकडायचे या एकाच जिद्दीने, पानेच्या पाने वाचू लागली. मग शनिवारी काकूंनी आपला शेवट सांगायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. "हे पटत नाही, काकू. एवढ्या लवकर त्याला पश्चात्ताप नको." काकू भांडत, रुसत, दोन दिवसांनी ग्रुपवर सुधारलेला शेवट पाठवत. सुनंदाची मुलगी अजून आलेली नव्हती. फोन मात्र येत असे, आणि तो आला की सुनंदा ओटीवरून उठून चिक्कूखाली जाई.

काकूंना मी शेवटचे पाहिले ते विरारच्या त्याच मॉलमध्ये. समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या एका मुलाची गोष्ट होती. कादंबरीतही तो परत येत नाही. आम्ही सगळ्यांनी ती वाचली होती, आपापल्या घरी, शेवटच्या ओळीपर्यंत. मार्थाबाई ती वाचून दोन दिवस कोणाशी बोलल्या नव्हत्या. सिनेमा सुटला. बाहेर जिन्यापाशी, कॉलेजातली असावी, एक मुलगी भिंतीला टेकून रडत होती. मैत्रिणी पुढे निघून गेल्या होत्या. पॉपकॉर्नचा पुडा तिच्या मुठीत चुरगळला होता.

काकू थांबल्या. कठड्याला धरून तिच्याजवळ गेल्या.

"कादंबरी वाचलीस का बाळा ही?"

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"मग कशाला रडतेस? त्यात तो येतो परत. या सिनेमावाल्यांना माणसं बुडवायची हौस."

मुलीने डोळे पुसले, पण तिला खरे वाटेना. आजकालची मुलगी, तिने काकूंना ओलांडून आमच्याकडे पाहिले. मार्थाबाई छताकडे पाहू लागल्या. मीही चपलेच्या पट्ट्याशी खेळू लागले. आमच्यातल्या कोणाला काकूंची बाजू घेण्याची बळजबरी नव्हती, आणि त्या स्वतःही मागे वळून पाहत नव्हत्या.

"हो," सुनंदा म्हणाली. "मी स्वतः वाचली आहे. शेवटच्या पानावर तो जेवायला बसलाय. आईने भात वाढलाय, बोंबलाचं कालवण."

"बोंबील नाय," भिमाबाई म्हणाली. "कोळंबी. तीन दिवस उपाशी पोरगा, त्याला बोंबील कोन देतं?"

"बोंबीलच होते. मी वाचलंय."

"मी पन वाचलंय."

मुलगी एकीकडून दुसरीकडे पाहत होती आणि तिच्या तोंडावर हसू यायला लागले होते. दोघी जिना उतरू लागल्या, भांडत. आता कालवणात आंबट काय घातले होते यावर आल्या होत्या. काकू एक पायरी मागे राहिल्या होत्या. कठड्यावर हात, मान किंचित कलती, तोंड जरासे उघडे. मी काही बोलू पाहिले तर त्यांनी मला हाताने गप्प केले. पुढे काय झाले ते त्यांना ऐकायचे होते.